मागची सीट

आलापल्लीत बाबूजींना लोक कंजूष म्हणायचे. दारात दोन-दोन स्कूटर उभ्या असून माणूस कोणाला मागे बसवत नाही, म्हटल्यावर दुसरं काय म्हणणार?

एक स्कूटर जुनी, जाड पत्र्याची, फिकट निळी, डाव्या मुठीत गिअर असलेली. दुसरी नवी, बटन दाबलं की सुरू होणारी. घरात माणसंही दोनच, बाबूजी आणि त्यांची बायको. बाबूजी जंगल खात्याच्या ऑफिसातून बाबू म्हणून रिटायर झालेले, म्हणून गावभर बाबूजी. त्यांच्या बायकोला सगळे नुसतं बाई म्हणत. त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहणारी मी. दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर माझी पहिली नोकरी लागली होती आणि वर्ध्याकडून एवढ्या लांब आलेल्या पोरीला त्या घरानं सांभाळून घेतलं होतं.

जुन्या गाडीची पूजा व्हायची असं मी म्हणणार नाही, त्या घरात पूजा कशाचीच होत नसे. समोरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती होती, तिच्यापुढे सकाळी बाई मेणबत्ती लावायच्या, एवढंच. पण रविवारी सकाळी बाबूजी ज्या पद्धतीनं ती गाडी अंगणात काढायचे, ते बघण्यासारखं होतं. आधी पातळाच्या मऊ फडक्यानं पुसायची. पत्रा, दिवा, स्टेपनीचं झाकण, सगळं. मग प्लग काढून तो दात घासल्यासारखा घासायचा. मग चोक ओढून गाडी एका अंगावर कलंडवायची, थोडा वेळ तशीच धरायची, सरळ करून किक मारायची. निळा धूर पेरूच्या झाडापर्यंत जायचा. गाडी सुरू झाली की बाबूजी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारायचे,

"येते का?"

आतून बाई म्हणायच्या, "नाई."

राग नाही, लाड नाही. चहात साखर टाकू का विचारल्यावर नाही म्हणावं, तसं. मग बाबूजी एकटेच निघायचे, सागवानातल्या रस्त्यानं दूरवर जाऊन कुठेही न थांबता परत यायचे. काही आणायचं नसे, कोणाला भेटायचं नसे. कामाला ती गाडी ते आता कधीच वापरत नसत. कोणाचं राखायला दिलेलं जनावर फिरवून आणावं, तसं ते तिला फिरवून आणत.

एकदा उन्हाळ्यात अशाच फेरीवरून येताना त्यांच्या जुन्या ऑफिसातला एक वनरक्षक त्यांना रस्त्यात पायी भेटला. त्यानं हात केला. बाबूजी थांबले, गाडी बंद केली आणि म्हणाले, "तुले बसवता येत नाई रे बापा. मागची सीट मायी नाई." वनरक्षकाला वाटलं थट्टा आहे. पण बाबूजींनी गाडी मोहाच्या झाडाखाली लावली, हँडल लॉक केलं, आणि त्या माणसाबरोबर भर उन्हात नाक्यापर्यंत चालत गेले. त्याला बसमध्ये बसवून परत चालत येऊन गाडी घेतली. वनरक्षकानं ही गोष्ट तालुकाभर केली. माझ्या खिडकीवर गोळ्या घ्यायला येणारेही विचारायचे, "तुमचे घरमालक ठीक आहेत ना डोक्यानं?" मला लाज वाटायची. मी म्हणायची, "मी फक्त भाड्यानं राहते."

नव्या गाडीची तऱ्हा वेगळी. ती बाईंची. त्या पांढऱ्या हेल्मेटमध्ये, साडीचा पदर कमरेला घट्ट खोचून, ट्रकच्या बाजूनं सफाईनं गाडी काढायच्या. मागे बाबूजी. मांडीवर भाजीची पिशवी, दोन्ही हातांनी ती धरलेली, वळणावर डोळे मिटलेले. आपल्या गावात अजून बायको पुढे आणि नवरा मागे बसलेला दिसला की टपरीवर हसू फुटतं. बाबूजींना कोणी छेडलं की ते गंभीरपणे सांगत, "गाडी तिची, चालवते ती. मी सामान आहो."

बाईंना गाडी त्यांनीच शिकवली होती, शाळेच्या मैदानावर. बाई एकदा म्हणाल्या, "शिकवताना एक शब्द वाकडा बोलले नाई. मी दोनदा काटेरी कुंपणात नेली, तं म्हणे कुंपणच आडवं आलं."

असा माणूस. हळू बोलणारा, हळू जेवणारा, दुकानात आपल्या मागून आलेल्याला आधी पुढे जाऊ देणारा. आणि वर शरमेविषयी प्रवचन देणारा. "शरम वापरात असली पाहिजे," ते म्हणायचे. "ठेवून दिली का जाम होते. मंग कितीही किका मारा." हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की मी ते घरी आईला फोनवर सांगितलं होतं. पण त्यांना कशाची शरम होती, हे मला कळलं एका लग्नात.

आमच्या दवाखान्यातल्या शिपायाच्या मुलीचं लग्न होतं. विहाराच्या मैदानात मांडव, पांढऱ्या कपड्यातली वधू, वंदना झाली, हार झाले. मांडवाच्या दाराशी लाल रिबीन बांधलेली नवी मोटरसायकल उभी होती. ती कोणासाठी, हे सांगायची गरज नव्हती. बाबूजी पाकीट घेऊन स्टेजवर गेले. मी आणि बाई त्यांच्या मागेच होतो. त्यांनी नवरदेवाचा हात हातात घेतला आणि सोडला नाही.

"गाडी पाह्यली बाहेर. मस्त आहे."

नवरदेव खुलला. "हो ना काका."

"मले पण भेटली होती, अशीच, मांडवात. अजून चालू आहे. पण बायको तिच्यावर कधी बसली नाई."

फोटोवाला "इकडे बघा, इकडे बघा" करत होता. बाबूजी त्याच आवाजात पुढे म्हणाले, "वापस करून टाक बाबू. आज सोपं आहे. उद्या लय जड जाते."

मुलीचा बाप, आमचा शिपाई, धावत वर आला. घामानं डबडबलेला. "आम्ही खुशीनं दिली हो बाबूजी. कोणी मांगतली नाई. खुशीनं दिली." हे तो तीनदा तरी म्हणाला, एकदा बाबूजींना, एकदा व्याह्यांना आणि एकदा कोणालाच नाही. त्याचा चेहरा मला आजही दिसतो. पण त्या वेळी मी त्याच्याकडे नीट पाहिलं नाही. मी बाबूजींकडेच पाहत होते.

जेवणाच्या टेबलावर त्यांनी मला सगळं सांगितलं. आजूबाजूचे चार लोकही ऐकत होते, त्यांनी ते आधी ऐकलं असावं. बाबूजी तरुण असताना जयंतीच्या कार्यक्रमात भाषणं करायचे. हुंडा घेणारा माणूस धम्माला लाज आणतो, असं टेबलावर मूठ आपटून सांगायचे. मग त्यांचं लग्न ठरलं. मुलगी घुग्घुसची. तिचे वडील कोळशाच्या खाणीत कामाला, आयुष्यभर सायकलनं पाळीवर जाणारे. त्या काळी स्कूटर दुकानात जाऊन उचलून आणायची वस्तू नव्हती, नाव नोंदवून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट पाहावी लागे. त्या माणसानं स्वतःसाठी नाव नोंदवलं होतं. नंबर लागला तो नेमका लग्नाच्या आधी. बैठकीत बाबूजींचे काका सहज बोलल्यासारखं बोलले, "पोराले जंगलात फिरा लागते. गाडी असती तं बरं झालं असतं."

"मी तिथीच बसलो होतो," बाबूजी म्हणाले. "चटईची काडी तोडत. एक शब्द बोललो नाई. माया सासऱ्यानं मायाकडं पाह्यलं. मी चटईकडं पाह्यलं. झालं. तो माणूस नोकरी संपेपर्यंत सायकलवरच गेला. कोळशाच्या धुळीत, ट्रकांच्या मधून. अन मी त्याच्या गाडीवर."

माझे डोळे भरून आले. मला वाटलं, चुकणारे हजार असतात, असं चारचौघांत कबूल करणारा कुठे भेटतो! ज्या माणसाची मला लाज वाटत होती, त्याचा एकदम अभिमान वाटला. बाई आमच्याच टेबलावर होत्या. त्या ताटातल्या वरणाकडे पाहत भात कालवत होत्या. खूप वेळ कालवत होत्या.

घरी आल्यावर मी त्यांना म्हटलं, "बाई, बाबूजी किती मोठ्या मनाचे आहेत!"

त्या म्हणाल्या, "ते गोष्ट त्यायची आहे. मले नोको सांगू."

मी ते नवऱ्याचं कौतुक लपवणं समजले.

पुढचं जे झालं त्याला माझा हात लागला. एका रविवारी ऊन चांगलं पडलं होतं. पेरूखाली ती निळी गाडी चकाकत होती. मी मोबाइलवर तिचा फोटो काढून स्टेटसला टाकला. माझ्या ओळखीच्या एका मुलीचा भाऊ चंद्रपुरात जुन्या गाड्यांच्या हौशी पोरांमध्ये होता. त्याचा संध्याकाळी फोन आला. त्यांनी जुन्या स्कूटर असणाऱ्यांचा मेळावा ठरवला होता, आणि एकाच माणसाकडे इतकी वर्षं राहिलेली, मूळ रंगाची, चालू गाडी त्यांना हवीच होती. बाबूजी तयार होईनात. "मायी गाडी नाई ते," म्हणत राहिले. मीच मागे लागले. म्हटलं, "तिथं नवी पोरं येतील बाबूजी. त्यांना सांगा ना तुमची गोष्ट." हे म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा बदलला. ते तयार झाले.

बाई म्हणाल्या, "मी पण येतो. चंद्रपुरावरून घुग्घुस जवळ आहे. भावाकडं जाऊन येऊ."

असे आम्ही तिघं दोन स्कूटरवर निघालो. पुढे निळ्या गाडीवर एकटे बाबूजी, मागे नव्या गाडीवर बाई आणि त्यांच्या मागे मी. एवढा लांबचा पल्ला बसनं गेलो असतो तर बरं झालं असतं, असं माझी कंबर म्हणत होती. पण मजाही वाटत होती. रस्त्याला सागाची मोठी पानं पडलेली, माकडं कठड्यावर. आष्टीला वैनगंगेच्या पुलापलीकडे चहाला थांबलो तेव्हा जुन्या गाडीभोवती पोरं जमली. एकानं विचारलं, "काका, विकता का?" बाबूजी इतके दचकले की चहा सांडला. चढावर जुनी गाडी धापा टाकायची, तेव्हा बाई मुद्दाम आपली गाडी हळू करून मागेच राहायच्या, पुढे काढायच्या नाहीत. मी म्हटलं, "जाऊ पुढे, ते येतील." त्या म्हणाल्या, "नाई. गाडी एकटी पडते." गाडी म्हणाल्या, बाबूजी नाही. मला ते विनोदी वाटलं.

मेळावा एका मंगल कार्यालयाच्या पटांगणात होता. रंगीबेरंगी जुन्या स्कूटर रांगेनं, पोरं त्यांच्यासोबत फोटो काढत होती. बाबूजींच्या गाडीला झेंडूचा हार घातला, बाबूजींना शाल आणि काचेचं स्मृतिचिन्ह दिलं. मग त्या पोरांतला म्होरक्या त्यांच्या हातात माइक देऊन म्हणाला, "काका, या गाडीची स्टोरी सांगा."

बाबूजींनी सांगितली. लग्नात सांगायचे तीच, पण त्या दिवशी जरा जास्त रंगून. चटईची काडी तोडण्याचा अभिनय केला. सासऱ्याची सायकल सांगताना कमरेत वाकून, मान खाली घालून, दोन पावलं चालून दाखवलं. लोक आधी हसले, मग गंभीर झाले, आणि शेवटी "मी चोर आहो, मित्रहो," असं बाबूजी म्हणाले तेव्हा सगळं पटांगण टाळ्या वाजवत उभं राहिलं. मीसुद्धा. दोन-चार पोरं शूटिंग करत होती. एकानं येऊन बाबूजींच्या पाया पडायचा प्रयत्न केला.

मी हसऱ्या तोंडानं बाईंकडे वळले. खुर्ची रिकामी होती.

त्या फाटकाबाहेर गाडीवर बसल्या होत्या. हेल्मेट घालून. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "बसते का? मी घुग्घुसले जाऊन राह्यली."

"बाबूजी?"

"येतील टाळ्या घेऊन."

रस्ताभर कोळशाचे ट्रक एकामागून एक, ताडपत्री फडफडत, रस्त्याच्या कडेची झाडंसुद्धा काळी. भावाचं घर बस्तीत होतं. उंच जोतं, आणि दाराशी पायऱ्यांच्या बाजूला गाडी चढवण्यासाठी केलेला सिमेंटचा एक जुना उतार. त्यावरून आता भावाची मोटरसायकल वर चढायची. भाऊ नुकताच पाळीवरून आला होता, कानात अजून काळं होतं. बहिणीचा चेहरा बघून त्यानं बायकोला चहा ठेवायला सांगितला. बाई ओट्यावर बसून राहिल्या.

बऱ्याच वेळानं निळ्या गाडीचा आवाज आला. बाबूजींनी उतरून गाडी लावली. हँडलवर हार तसाच होता, खांद्यावर शाल होती. "न सांगताच निघून आली?" ते म्हणाले. "तिथी सगळे तुले पुसून राह्यले होते. म्हणे काकूले बोलवा स्टेजवर."

बाई म्हणाल्या, "माया बाप असा चालत होता का?"

"कसा?"

"तुमी दाखवलं तसा. वाकून. मान खाली घालून."

बाबूजी हसले, पण अर्ध्यातच थांबले. "अवं, मी मायी चूक सांगत होतो. त्यायचा अपमान थोडी..."

"तुमी लग्नात सांगता. ऑफिसात सांगत होते. आज माइकवर सांगतलं. चूक तुमची, मी नाई म्हणत नाई. पण दरवेळी त्या गोष्टीत माया बाप सायकलवर. तुमी त्याले सायकलवरून खाली उतरूच देत नाई. तुमाले टाळ्या भेटते, त्याले काय भेटते? बिचारा, म्हणते लोक. त्या दिवशी त्या पोरीच्या बापाचं तोंड पाह्यलं होतं तुमी, मांडवात? मी पाह्यलं. शरम नवरदेवाले नाई आली. त्याले आली."

दारात उभा असलेला भाऊ आत निघून गेला. मलाही जायला हवं होतं, पण मी तिथेच उभी राहिले.

"त्यानं चालवली होती ते गाडी," बाई म्हणाल्या.

बाबूजींना कळलंच नाही. "कोणं?"

"बाबानं. आणली त्या दिवशी. आठवडी सुट्टीत दोस्ताच्या गाडीवर शिकला होता तो, किती दिवसापासून. चंद्रपूरले आणाले जाताना मले म्हणे, चाल, तुले पण नेतो. माय नोको म्हणत होती, लग्नाची पोरगी, कुठी उन्हातानात. तो म्हणे, तिची गाडी आहे, तिनं पाहा नोको? येताना त्यानं चालवली अन मी मागं बसली होती. चंद्रपूरपासून इथपर्यंत."

बाबूजी हळूच पायरीवर बसले. शाल खांद्यावरून घसरली ती त्यांनी उचलली नाही.

"नवा शर्ट घातला होता त्यानं. तेल लावून भांग पाडला होता. गिअर टाकताना गाडी झटके देये, तं म्हणे, घोडी नवी आहे. मोठ्यानं हासे. मी माया बापाले तसं हासताना कधी पाह्यलं नोतं. खाणीच्या फाट्यावर आलो, तिथी पाळी सुटली होती, माणसंच माणसं. त्याले मागं वळून पाहता येत नोतं, नवीन होता ना. तं मले पुसे, पाहून राह्यले का गं लोक? पाहून राह्यले का? मी म्हटलं, हो बाबा, सगळे पाहून राह्यले."

बाईंनी पदरानं नाक पुसलं.

"कोणीच पाहत नोतं. थकले राहते लोक पाळी करून. सगळे मान खाली घालून घरी जाऊन राह्यले होते. पण तो असा ताठ बसला होता." आणि त्यांनी ओट्यावर बसल्या बसल्या पाठ सरळ करून दाखवली.

"मंग घरी येऊन त्यानं गाडी पुसली, अन मांडवात लावायसाठी झाकून ठेवली. पुन्हा तिले हात नाई लावला. मी पण ठरवलं, आता नाई बसाचं हिच्यावर. बापाच्या मागं बसली तेवढं बसली. तेवढंच एक मायापाशी राह्यलं होतं त्याचं. ते पण वाटून टाकू का?"

बाबूजी जमिनीकडे पाहत म्हणाले, "मले वाटे, तू राग म्हणून बसत नाई."

"होता राग. पह्यले होता. राग काय जनमभर पुरते?"

"मले कधी सांगतलं नाई तू."

"तुमी दर रविवारी विचारलं, येते का. एकदा तरी विचारलं का, काऊन येत नाई?"

"मले वाटलं, मले माहीत आहे," बाबूजी म्हणाले. इतकं हळू, की मला ते ओठांवरून कळलं.

त्या घरात मी त्या क्षणी जितकी नकोशी होते तितकी कुठेच कधी नव्हते. मला माझ्या टाळ्या आठवत होत्या. उभं राहून वाजवलेल्या. आत जाऊन मी त्या म्होरक्याला फोन केला आणि शूटिंग कुठे टाकू नका म्हणून विनवलं. तो बिचारा भला होता, त्यानं लगेच काढलं. पण तोवर ते पुढे गेलं होतं. रात्री जेवायच्या आधी माझ्याच मोबाइलवर एकीनं ते पाठवलं, खाली हात जोडल्याची आणि रडल्याची चित्रं. त्यात बाबूजी वाकून चालत होते आणि मागे लोक हसत होते. ते बघून मी लगेच पुसून टाकलं. बाईंनी ते पाहिलं की नाही, मी कधी विचारलं नाही.

सकाळी आम्ही निघायच्या वेळी बाबूजी मेव्हण्यासमोर उभे राहिले. रात्रभर झोपले नसावेत. म्हणाले, "गाडी इथीच ठेवून जातो म्हणतो. मामाजीची होती. इथीच राहू दे."

भाऊ गोंधळला. बहिणीकडे पाहत म्हणाला, "ठेवता तं ठेवा भाऊजी. जागा आहे."

बाई हेल्मेटचा पट्टा लावत होत्या. त्यांचा हात थांबला. "काऊन? मोकळं व्हाले?"

बाबूजी गाडीच्या किल्लीशी चाळा करत राहिले.

"घेतली तेव्हा आमाले कोणी विचारलं नोतं. आता देताना तरी विचारा. मले नोको इथी. भाऊ काय करल तिचं? पावसात सडल. आणली तशी चालवत न्या."

आवाज कठोर नव्हता. बाबूजींनी मान हलवली. हँडलवरचा हार काढून त्यांनी कुंपणावर ठेवला. काचेचं स्मृतिचिन्ह ओट्याच्या कोपऱ्यात राहिलं होतं, ते त्यांनीही घेतलं नाही आणि कोणी आठवणही केली नाही. गाडी कलंडवली, सरळ केली, किक मारली. स्वयंपाकघर नव्हतं, बाई तर समोरच होत्या. बाबूजींनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही, आणि निघाले.

आम्ही मागोमाग होतो. खाणीच्या फाट्याजवळ आलो तेव्हा बाईंनी पहिल्यांदाच आपली गाडी पुढे काढली, बाबूजींच्या बरोबरीला आणली आणि हातानं डावीकडची जागा दाखवली. "इथी," एवढंच म्हणाल्या. मग पुन्हा मागे राहिल्या.

पाळी बदलायची वेळ होती. मोटरसायकलवरचे, पायी चाललेले, टपरीवर चहा घेणारे, सगळीकडे माणसं. आता त्या रस्त्यावर तसली गाडी कोणाला दिसते! निळ्या धुराचा तो वास आला आणि डोकी वळायला लागली. एका ट्रकवाल्यानं खिडकीतून अर्धं बाहेर येऊन हात हलवला. चहाचा ग्लास हातात धरून एक जण रस्त्याच्या कडेला येऊन उभा राहिला. दोन पोरांनी मोबाइल वर केले. कोणी तरी ओरडलं, "काय गाडी आहे बे!"

सगळे पाहत होते. बाबूजी त्या गाडीवर मान खाली घालून बसले होते, समोरच्या चाकाच्या पुढे जेवढा रस्ता दिसतो तेवढाच बघत. हॉर्न वाजले, हाका आल्या, त्यांनी मान वर केली नाही. त्यांच्या मागची सीट रिकामी होती, आणि तिच्यावर कोळशाची बारीक धूळ बसत होती.